नऊ-एक्केचाळीस म्हणजे काय रे भाऊ?

पुढे एखादी पिकअप उभी असली की आपण तिच्या मागच्या फळीवर काय लिहिलंय ते आधी वाचतो. ‘आई-बाबांचा आशीर्वाद’ वाचून झाला की नजर जरा खाली न्या. मागच्या दोन चाकांना जोडणारी जाड लोखंडी नळी दिसेल. हा मागचा एक्सल. त्याच्या मधोमध, उपडं मडकं चिकटवल्यासारखा, एक फुगीर गोळा असतो. चिखलानं माखलेला, तेलाचा ओघळ आलेला. गाडीवाले इंजिनाचं कौतुक करतात, टायरवर तासतास बोलतात, पण या गोळ्याची आठवण त्यांना येते ती तो चालता चालता ‘हूंऽऽऽ’ करायला लागला की मगच.

मग मालक नांदेडच्या नाहीतर लातूरच्या स्पेअर पार्टच्या दुकानात जातो आणि क्राउन-पिनियन मागतो. दुकानदार गाडीचं नाव विचारतो आणि लगेच दुसरा प्रश्न टाकतो, “कोणतं पायजे? आठ-एकोणचाळीस का नऊ-एक्केचाळीस?”

इथं पाढे चालू आहेत की काय, असं तुम्हाला वाटेल. पण हे दातांचे आकडे आहेत. गोळ्याच्या आत दोन दातेरी चाकं एकमेकांत अडकून बसलेली असतात. पुढून, गिअरबॉक्सकडून, एक लांब दांडा फिरत येतो. त्याला प्रोपेलर शाफ्ट म्हणतात. त्याच्या टोकाला छोटं चाक असतं, ते पिनियन. त्याला अडकलेलं मोठं, कड्यासारखं चाक म्हणजे क्राउन. पिनियनला ९ दात आणि क्राउनला ४१ दात असले की ती जोडी झाली नऊ-एक्केचाळीस. ४१ ला ९ नं भागा. ४.५६ येतात. म्हणजे शाफ्ट साडेचार फेऱ्यांहून जरा जास्त फिरतो, तेव्हा मागची चाकं एकदा फिरतात. गाडीच्या भाषेत याला एक्सल रेशो म्हणतात.

आता खरा प्रश्न. इंजिन बिचारं एवढं धावतंय, तर त्याचा वेग मुद्दाम साडेचार पटीनं कमी का करायचा?

तुमची सायकल उलटी करून बघा. पायडलजवळच्या चकतीचे दात मोजा, मागच्या फ्रीव्हीलचे मोजा. साध्या उंच सायकलीला पुढे ४४ आणि मागे १८ असे काहीतरी निघतील. म्हणजे पाय एकदा फिरवला की चाक जवळपास अडीच वेळा फिरतं. सायकल वेग वाढवते आणि पिकअप वेग कमी करते! कारण आपल्या पायांत जोर भरपूर, पण ते मिनिटाला साठ-सत्तर वेळा फिरवले तरी धाप लागते. इंजिनाचं नेमकं उलटं. मिनिटाला दोन हजार फेऱ्या त्याला काहीच वाटत नाहीत, पण एकेका फेरीत जोर बेताचा असतो. म्हणून फेऱ्या खर्च करायच्या आणि जोर विकत घ्यायचा. दातेरी चाकांच्या बाजारात हा एकच सौदा चालतो. चारपट जोर पाहिजे, तर चारपट फेऱ्या मोजाव्या लागतात. उधारी नाही आणि सूटही नाही. उलट घासाघाशीत थोडं नुकसानच होतं.

हा सौदा आपल्या रस्त्यावर मांडून बघू. गोदाकाठचं नांदेड समुद्रसपाटीपासून साधारण ३६० मीटर उंचीवर आहे. लातूर जिल्ह्याचा बराच भाग बालाघाटच्या पठारावर, साडेपाचशे-सहाशे मीटरच्या घरात. नांदेडहून लोहा, अहमदपूर, चाकूर करत लातूरला जायचं म्हणजे दीडशे किलोमीटरच्या आतबाहेरच्या अंतरात दोनशे-अडीचशे मीटर वर चढायचं. सरासरी काढली तर किलोमीटरला दोन मीटरसुद्धा चढ येत नाही. मग ड्रायव्हर कशाची तक्रार करतात?

सरासरीवर गाडी चालत नाही ना! उंची दर किलोमीटरला समान हप्त्यानं मिळत नाही. बराच वेळ रस्ता सपाट असतो आणि मग मधेच डोंगराची कड आडवी येते. समजा एखाद्या चढावर वीस मीटर पुढे गेलं की एक मीटर वर जावं लागतं. आणि आपली पिकअप, सोयाबीनच्या पोत्यांसकट, तीन टनांची आहे. ३००० किलोला २० नं भागा. १५० किलो. म्हणजे तो चढ संपेपर्यंत कुणीतरी गाडीला मागून दीड क्विंटलच्या जोरानं ओढत राहणार. शिवाय टायर रस्त्यावर दबत, फिरत जातात, त्याचा अडथळा वेगळा. चांगल्या डांबरी रस्त्यावर तो वजनाच्या शंभराव्या हिश्शाच्या आसपास असतो; आपण थोडं जास्त, ४० किलो धरू. हवेचे वीस किलो. झाले २१० किलो.

इंजिनाजवळ काय आहे ते आता बघू. पिळण्याच्या जोराला गाडीवाले टॉर्क म्हणतात. समजा आपल्या इंजिनाचा टॉर्क २०० न्यूटन-मीटर आहे. एक मीटर लांब पान्याच्या टोकाला वीस किलोचं वजन टांगलं तर नटाला जेवढा पीळ बसेल, साधारण तेवढा. गाडी चौथ्या गिअरमध्ये आहे आणि या गिअरमध्ये गिअरबॉक्स वेग कमी-जास्त न करता इंजिनाच्या फेऱ्या तशाच पुढे पाठवतो, असं धरू. पुढचं सगळं त्या गोळ्याच्या हातात.

क्राउन-पिनियन ११/४१ चं असेल तर पीळ ३.७३ पट होतो. २० चे ७४.५ किलो झाले. पण ते एक मीटरवर. आपलं चाक मध्यापासून रस्त्यापर्यंत फक्त ३५ सेंटिमीटर. ७४.५ भागिले ०.३५, म्हणजे सुमारे २१३ किलो. लागत होते २१०. वाचली बाई गाडी! पण जेमतेम. वर एक माणूस चढला, नाहीतर समोरून वारा आला, की गेली. ड्रायव्हरला खालचा गिअर टाकावाच लागणार.

तीच गाडी, तेच इंजिन, पण क्राउन-पिनियन ८/३९ चं लावा. ३९ भागिले ८ म्हणजे ४.८७५. आता चाकाजवळ २७८ किलोचा जोर मिळतो. चढ संपेपर्यंत चौथ्या गिअरमध्ये आरामात.

मग सगळ्यांनीच ८/३९ का लावू नये? कारण फेऱ्यांचं बिल यायचं आहे अजून. पिकअपच्या टायरचा घेर दोन मीटर वीस सेंटिमीटरच्या आसपास असतो. ताशी साठच्या वेगानं गाडी मिनिटाला बरोबर एक किलोमीटर जाते, म्हणजे चाक मिनिटाला साधारण ४५५ वेळा फिरतं. ११/४१ असेल तर त्या एका मिनिटात इंजिन सुमारे १,७०० फेऱ्या मारतं. ८/३९ असेल तर सुमारे २,२००. फरक पाचशेचा. तासाला तीस हजार फेऱ्या जास्त, आणि चार सिलिंडरच्या डिझेल इंजिनात दर फेरीला दोनदा डिझेलची पिचकारी उडते. प्रत्येक पिचकारी तेवढीच मोठी असते असं नाही. काम कमी असलं की ती लहान होते. पण पिस्टन वर-खाली घासतात ते घासतातच. पोती लातूरच्या मोंढ्यात उतरवून रिकामी गाडी उताराला नांदेडकडे निघाली की ८/३९ वालं इंजिन उगाच ओरडत राहतं. डिझेल जातं आणि ड्रायव्हरचे कान किटतात.

बहुतेक पिकअपची डिझेल इंजिनं मिनिटाला दीड ते अडीच हजार फेऱ्यांच्या दरम्यान सगळ्यात जोमात असतात. त्याच्या खूप खाली गेलं की गाडी गचके देते, खूप वर गेलं की नुसता आवाज. म्हणून एक्सल निवडताना प्रश्न असा असतो की दिवसातला जास्तीत जास्त वेळ इंजिन त्या जोमाच्या पट्ट्यात राहील का. सगळ्यात अवघड चढ बघून एक्सल निवडायचा नसतो, त्यासाठी पहिला-दुसरा गिअर आहे. एक्सल निवडायचा तो रोजच्या रस्त्यासाठी. नांदेडहून हैदराबादकडे हलका माल घेऊन सपाट महामार्गानं जाणाऱ्याला १०/४१ किंवा ११/४१ बरं. माळेगावच्या यात्रेला लाल कंधारी बैल पोचवायचे, कंधार-लोह्याच्या डोंगरी गावांतून पोती आणायची, पांदणीतून शेतात जायचं, अशांना ८/३९. मला विचाराल तर मी मधलं ९/४१ घेईन. बऱ्याच मालवाहू गाड्यांच्या मागे ‘८०’ लिहिलेलं असतं, म्हणजे त्यापुढे गाडी पळवायचीच नाहीय. मग वेगासाठी जोर कशाला सोडा?

खरं सांगायचं तर आपल्याकडे नवी पिकअप घेताना शोरूममध्ये हा प्रश्न कुणी विचारत नाही. कंपनी आधीच ठरवून टाकते. मोठ्या ट्रकना पर्याय मिळतात. अमेरिकेत मात्र पिकअप घेणाराच एक्सल निवडतो. तिथले नेहमीचे आकडे ३.५५, ३.७३ आणि ४.१०. हे आकडे ओळखीचे वाटतात का बघा. ४१ भागिले ११ करा, ४१ भागिले १० करा, ३९ भागिले ११ करा. जग फिरून आलो तरी तेच दात!

आता मला सगळ्यात आवडणारी गोष्ट. हे ४१ आणि ३९ असले आडनिडे आकडे का? सरळ ४० आणि १० दात ठेवले असते तर बरोबर चारपट झाली असती आणि भागाकारही सोपा.

एक कागद घ्या. क्राउनच्या दातांना १ ते ४० नंबर द्या. पिनियनच्या दहा दातांपैकी एकाला रंग लावा, त्याला आपण रंगोबा म्हणू. रंगोबा सुरुवातीला १ नंबरच्या दाताला भिडला. पिनियनची एक फेरी झाली की क्राउन दहा दात पुढे सरकतो, म्हणून रंगोबा आता ११ ला भिडेल. मग २१, ३१, आणि पुन्हा १. पुन्हा ११, २१, ३१. जन्मभर हेच चार दात! रंगोबावर एखादा बारीक खडबडा राहिला असेल तर तो या चौघांनाच खात बसणार आणि बाकीचे छत्तीस त्याच्या वाट्याला कधीच येणार नाहीत.

आता क्राउनला फक्त एक दात वाढवा. ४१. रंगोबा १ ला भिडतो, मग ११, २१, ३१, ४१, आणि पुढचा? ५१ वजा ४१, म्हणजे १०. मग २०, ३०, ४०, मग ९. पुढे १९, २९, ३९, ८... पेन्सिल थांबवू नका, पुढचं तुम्हीच लिहा. रंगोबा एकेचाळीसच्या एकेचाळीस दातांना भेटून आल्यावरच पुन्हा १ नंबरकडे येतो. दहाही दातांचं असंच होतं. झीज सगळ्यांत सारखी वाटली जाते.

गुपित तुमच्या गणिताच्या पुस्तकात आहे. ४० आणि १० चा मसावि १०, पण ४१ आणि १० चा मसावि १. दोन्ही आकड्यांना जिनं भाग जातो अशी एकच संख्या उरली पाहिजे, ती म्हणजे १. ८ आणि ३९ तपासा, ९ आणि ४१ तपासा, ९ आणि ३७ तपासा. मसावि कशाला शिकायचा, असं परीक्षेच्या आदल्या दिवशी ज्यांना वाटतं त्यांनी एखाद्या गॅरेजमध्ये उघडलेला गोळा बघावा. ही युक्ती काही मोटारी आल्यावर सुचलेली नाही. युरोपात पाणचक्क्यांची लाकडी दातेरी चाकं करणारे जुने सुतारही मुद्दाम एक दात जास्तीचा ठेवत.

एवढं करूनही पिनियन एका गाडीचं आणि क्राउन दुसऱ्या गाडीचं असं चालत नाही. कारखान्यात ती जोडी एकमेकांवर घासून जमवतात आणि दोघांवर एकच नंबर कोरतात. मिस्त्री ती बसवताना दातांना रंग फासतो, चाक फिरवतो आणि रंग कुठे पुसला गेला ते निरखतो. दाताच्या टोकाशी पुसला तर चूक, बुडाशी पुसला तरी चूक. मग पत्र्याच्या पातळ चकत्या घाल, काढ, परत बघ. त्यांना शिम म्हणतात, आणि त्यांतली एखादी कागदाएवढी पातळ असते. वरून ९० नंबरचं तेल. त्याचा वास एकदा घेतला की विसरत नाही. सडक्या अंड्याच्या जवळपासचा. तो गंधकाचा वास. दातावर दात एवढ्या जोरानं दाबला जातो की साधं तेल मधून निसटून जाईल. गंधकाची संयुगं लोखंडावर पातळ थर धरतात आणि दात वाचतात.

जोडी न बदलताही एक्सल बदलता येतो, तोही नकळत. शौक म्हणून मोठे टायर टाका! घेर २.२ मीटरचा २.४ मीटर झाला की ४.१ चा एक्सल ३.७६ सारखा वागायला लागतो. गाडी चढाला मंद होते आणि काटा साठ दाखवत असताना गाडी पासष्ट-सहासष्टनं पळत असते. लहान चाकांचा परिणाम याच्या उलट. २००५ साली आलेला टाटा एस, म्हणजे आपला छोटा हत्ती, आठवा. दोन सिलिंडरचं ७०२ सीसीचं, अवघ्या १६ अश्वशक्तीचं इंजिन. त्याची चाकं बारा इंची आहेत, ती नुसती गोंडस दिसावीत म्हणून नाहीत. लहान चाक एका फेरीत कमी अंतर जातं, म्हणून जोर वाढतो. जोर वाढला म्हणजे कितीही माल भरावा, असं मात्र नाही हं. क्राउन-पिनियन बदललं म्हणून ब्रेक मोठे होत नाहीत आणि पाटेही जाड होत नाहीत. चढून गेलेली गाडी उतरायचीही असते.

रेल्वेत तर याचं भन्नाट उदाहरण आहे. मालगाडी ओढणारं डब्ल्यूएजी-९ हे विजेवरचं इंजिन आहे. त्याचे दात बदलून प्रवासी गाड्यांसाठी डब्ल्यूएपी-७ केलं. मालवाल्याचं प्रमाण सुमारे ५.१, प्रवासीवाल्याचं ३.६. एक ताशी शंभरपर्यंत जातं, दुसरं एकशेचाळीसपर्यंत. दिसायला भावंडंच. पुढच्या वेळी स्टेशनावर गेलात की इंजिनावरची इंग्रजी अक्षरं वाचा. जी असेल तर माल, पी असेल तर प्रवासी.

आता तो गोळा पुन्हा उघडू, कारण त्याच्या आत आणखी एक करामत आहे. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावं लागतं. दोन्ही चाकं एकाच दांड्यावर घट्ट बसवली असती तर दर वळणाला एक टायर फरफटत गेला असता. म्हणून क्राउनच्या पोटात चार-सहा लहान दातेरी चाकं असतात. ती दोन्ही बाजूंना सारखाच जोर देतात, पण वेग ज्याला पाहिजे तसा घेऊ देतात. याला डिफरन्शियल म्हणतात. ओनेसिफोर पेकर नावाच्या फ्रेंच घड्याळजीनं १८२७ मध्ये वाफेच्या गाडीसाठी हे शोधून काढलं.

आपल्या काळ्या मातीला मात्र या घड्याळजीबद्दल फारसा आदर नाही. पावसाळ्यात पांदणीतला चिखल गाडीला वजनाच्या दहाव्या हिश्शानं, कधी त्याहून जास्त, मागे धरतो. आपल्या तीन टनांच्या गाडीला तीनशे किलो! पहिल्या गिअरमध्ये तेवढा जोर येतोही. पण एक चाक निसरड्यात सापडलं की त्याला रेटायला काही नसतं, आणि ‘दोघांना सारखाच जोर’ या नियमानं कोरड्यातल्या चाकालाही तेवढाच क्षुल्लक जोर मिळतो. मग काय, एक चाक गरागरा फिरून सगळ्यांच्या अंगावर चिखल उडवतं आणि दुसरं ढिम्म. तेव्हा ८/३९ असो की ११/४१, ट्रॅक्टर बोलवावा लागतो.

फिरणारं चाक एवढं गरागरा का फिरतं, हेही बघण्यासारखं आहे. एक बाजू थांबली की तिच्या वाटच्या फेऱ्या दुसरीकडे जातात. क्राउन एकदा फिरला की मोकळं चाक दोनदा फिरतं.

ही गोष्ट लक्षात ठेवून तुमच्या ओळखीच्या पिकअपचा एक्सल मोजता येतो. गाडीखाली तुम्ही शिरायचं नाही, ते काम मिस्त्रीकाकांचं. सपाट जागा, पुढच्या चाकांना दगड, गाडी न्यूट्रल, हँडब्रेक सोडलेला. मागचं एकच चाक त्यांनी जॅकनं उचलायचं आणि एक्सलखाली भक्कम स्टँड लावायचा. दोन्ही चाकं उचलू नका. उचललीत तर एक पुढे फिरवलं की दुसरं उलटं फिरेल आणि शाफ्ट जागचा हलणारही नाही. चाकावर खडूची खूण, शाफ्टवर खडूची खूण. तुम्ही बाजूला बसून चाकाच्या फेऱ्या बघायच्या, काकांनी शाफ्टच्या.

गाडी ९/४१ ची आहे असं मालक सांगतो. तुम्ही चाक एकदा फिरवलं आणि शाफ्ट जेमतेम सव्वादोन वेळा फिरला. मालक खोटं बोलला का? नाही. दुसरं चाक जमिनीवर थांबलेलं आहे, म्हणून तुमची एक फेरी म्हणजे क्राउनची अर्धीच. चाक अजून एकदा फिरवा आणि शाफ्टच्या फेऱ्या पहिल्यापासून धरा. साडेचारपेक्षा जरा पुढे खडूची खूण आली, तर दुकानात जाऊन बिनधास्त सांगा, “नऊ-एक्केचाळीस द्या.”